वहीतले बंद दिवस

२०१९च्या दिवाळीत माझी भिशी लागली. चौतीस हजार हातात आले, त्यात घरातले साडेदहा हजार घातले आणि धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी मी सतरा इंची लॅपटॉप घरी आणला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. त्या खरेदीचे, आणि तिच्यामागोमाग केलेल्या दुसऱ्या खरेदीचे परिणाम मी जवळजवळ चार वर्षं भोगले. माझी चूक, मी भोगली, एवढंच असतं तर लिहायला बसले नसते. पण काही दोष नसताना आणखी दोघींना त्याची झळ लागली.

मी शिरूरला राहते. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, घरांचे नकाशे काढून देते. माहेर दौंड तालुक्यात, केडगावजवळ. त्यामुळे निम्मी कामं इकडची आणि निम्मी भीमेपलीकडची. न्हावरे, पारगावचा पूल, केडगाव चौफुला हा रस्ता मी दुचाकीवरून इतक्यांदा केलाय, की कुठल्या वळणावर खड्डा आहे हे डोळे मिटून सांगेन. उसाच्या हंगामात तर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांच्या मागून जायचं आणि संधी मिळाली की खडीत उतरून पुढे काढायची. लॅपटॉप पाठीवर.

दुकानात त्या दिवशी दोन लॅपटॉप समोर ठेवले होते. एक १५.६ इंची, ५८,००० रुपयांचा, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी असलेला. दुसरा १७.३ इंची, ४४,५०० रुपयांचा, ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्ड डिस्क असलेला. दुकानातल्या मुलानं विचारलं, "ताई, काम काय करणार त्याच्यावर?" त्याचा प्रश्न बरोबर होता. मी मात्र त्याला पुढे बोलूच दिलं नाही. माझं गणित ठरलेलं होतं. नकाशे काढायचे म्हणजे पडदा मोठा हवा. सतरा हे पंधरापेक्षा मोठे, १ टीबी ही २५६ जीबीच्या चौपट, आणि वर साडेतेरा हजार वाचतायत. मंडईत मेथीची जुडी निवडावी तशी मी जाड दिसणारी जुडी उचलली.

पहिल्याच आठवड्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. नकाशा मोठा दिसत होता, पण जास्त दिसत नव्हता. खोलीची मापं वाचण्याइतकं जवळ गेलं की अर्धं घर पडद्याबाहेर. पूर्ण घर दिसेल इतकं मागे आलं की मापांचे आकडे म्हणजे नुसते काळे ठिपके. माझ्या जुन्या ऑफिसातल्या १५ इंची पडद्यावर असं होत नव्हतं. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. डोळे तपासून आले. नंबर तोच होता.

कारण कळलं ते सहा महिन्यांनी, लॉकडाऊनमध्ये, खोक्यावरचं बारीक अक्षर वाचताना. माझ्या सतरा इंची पडद्यावर आडवे १६०० आणि उभे ९०० ठिपके होते. दुकानात नाकारलेल्या छोट्या पडद्यावर १९२० आणि १०८०. गुणाकार केला: १४,४०,००० आणि २०,७३,६००. म्हणजे मी मोठी पाटी घेतली, पण तिच्यावर लिहायच्या ओळी कमी होत्या. इंच फक्त कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर सांगतात. त्या जागेत किती मावतं, हे ठिपके सांगतात. मी चौरस फुटांत आणि कर्णाच्या मापात दिवस घालवणारी बाई. प्लॉटचा काटकोन तपासायला कर्ण मोजते. तरी कर्णावरून क्षमता ठरत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. ऑटोकॅड २०२०साठी किमान ८ जीबी रॅम आणि १९२० बाय १०८० ठिपक्यांचा पडदा लागतो, हे त्या कंपनीनं स्पष्ट लिहून ठेवलं होतं. वाचायला पाच मिनिटं लागली असती.

त्या पडद्याचा उजेडही कमी होता. पारगावच्या एका मावशींचं घर मी करत होते. नवरा गेलेला, उसाच्या पैशातून आठशे फुटांचं पक्कं घर बांधायला निघालेल्या. नकाशा दाखवायला त्यांच्या जुन्या घराच्या ओट्यावर बसले. सकाळचे अकरा. पडद्यात आमचीच दोघींची तोंडं आणि मागचं कडुनिंबाचं झाड दिसत होतं. मावशी माझ्या शेजारी बसलेल्या, म्हणजे पडद्याकडे कडेनं बघत होत्या, आणि स्वस्तातल्या टीएन पॅनलवर कडेनं बघितलं की रंग फिरतात. मी हिरव्यात दाखवलेलं स्वयंपाकघर त्यांना राखाडी दिसत होतं. शेवटी त्यांनी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी पुढे ओढून पडद्यावर सावली धरली आणि तशा वाकून त्यांनी आपलं घर पाहिलं. पंधरा मिनिटं. हात भरून आले असतील. "दिसतंय गं, दिसतंय," म्हणत राहिल्या.

आता भाचीचं सांगते, कारण ते मला जास्त लागून राहिलंय.

मी लॅपटॉप घेतल्यावर महिन्याभरात दादाचा फोन आला. भाची पॉलिटेक्निकला, तिलाही लॅपटॉप हवा होता. कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं होतं. मी विचार न करता सांगून टाकलं, "माझ्यासारखाच घे, मोठा आहे, डोळ्यांना त्रास नाही." तेव्हा मला तो वापरून चार आठवडेही झाले नव्हते. दादानं तोच घेतला. मार्चमध्ये कॉलेज बंद झालं आणि तिचे तास ऑनलाइन सुरू झाले. ४ जीबी रॅममध्ये विंडोज, व्हिडिओचा तास आणि एखादी पीडीएफ एवढं उघडलं की रॅम संपायची. मग यंत्र ते सगळं हार्ड डिस्कवर ठेवायला आणि तिथून परत काढायला लागायचं. मिनिटाला ५४०० फेऱ्यांनी फिरणारी ती तबकडी त्या धावपळीला पुरत नाही. चित्र थिजायचं, सरांचा आवाज तुटायचा. एका ऑनलाइन परीक्षेत प्रश्नांचं पान उघडण्यातच तिची दहा-बारा मिनिटं गेली.

ती मला काही बोलली नाही. हे मला वहिनीकडून कळलं, तेही वर्षानं. दादा उलट तिलाच रागवायचा, "आत्यानं सांगितलंय म्हणजे लॅपटॉप चांगलाच असणार. तूच भारंभार उघडून ठेवत असशील." माझ्या शब्दाला घरात वजन होतं. ते वजन एका मुलीच्या खांद्यावर पडलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

माझी हार्ड डिस्क गेली मार्च २०२१मध्ये. एक वर्षाची वॉरंटी आदल्या ऑक्टोबरात संपली होती. ती का गेली, हे मला नीट कळलंय. यंत्र बंद व्हायला तीन-चार मिनिटं आणि परत सुरू होऊन काम करण्याजोगं व्हायला साडेतीन मिनिटं लागायची. साइटवर मिस्त्री ताटकळलेला असताना एवढा धीर कोण धरतो? मी नुसतं झाकण मिटवून, दिवा लुकलुकत असतानाच, बॅगेत टाकायची आणि गाडीला किक मारायची. बऱ्याचदा पोचल्यावर बॅग उघडली की आतून गरम वाफ यायची. म्हणजे यंत्र झोपलेलंच नसायचं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असताना वाचणारी सुई तिच्यावर केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. मी ती तशी फिरती तबकडी पाठीवर घेऊन न्हावऱ्यापासून पारगावपर्यंत खड्ड्यांतून आणि खडीतून नेत होते. दीड वर्ष टिकली, हेच पुष्कळ. स्वस्त डिस्क म्हणून यंत्र मंद, मंद म्हणून ते बंद करायचा कंटाळा, आणि त्या कंटाळ्यानं डिस्क मेली.

आदल्या रात्री मी मावशींचा नकाशा बदलला होता. जिना मावळतीला होता, तो त्यांना उगवतीला हवा होता. जिना हलवला तसे त्याच्याजवळचे दोन कॉलम दीड-दीड फूट सरकले. प्रिंट काढलं नाही. दुसऱ्या दिवशी साइटवर बॅग उघडली, बटण दाबलं. काळा पडदा, आणि आतून टक्, टक्, टक्, घड्याळासारखं. मिस्त्री फक्कीची पिशवी घेऊन उभा. मुहूर्त ठरलेला. मावशींनी नारळ आणून ठेवलेला.

माझ्याकडे जुनं प्रिंट होतं. मी त्याच्यावर पेनानं जिना खोडून दुसरीकडे काढला आणि आखणी करून दिली. कॉलम सरकवायचे राहिले. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीचा फोन आला, "ताई, जाळी टाकायला घेतली, पण हे दोन खड्डे जिन्याला बसंना झालेत." गेले. पाच-पाच फूट खोल खणलेले दोन खड्डे चुकीच्या जागी होते. बुजवायचे, ठोकायचे, शेजारी नवे घ्यायचे. दोन माणसांचे दोन दिवस. मावशींनी विचारलं काय झालं, आणि मी म्हणाले, "लाइट गेली हो, फाइल उडाली." वीज मंडळावर ढकलून मोकळी झाले. बॅटरी शाबूत असताना लाइट गेल्यानं लॅपटॉप बंद पडत नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार, असं मनात धरून बोलले. माझ्या फीमधून दोन हजार कमी केले, पण का केले ते सांगितलं नाही.

पारगावहून परत येताना त्या दिवशी मी पुलावर थांबले होते. भीमेला पाणी फार नव्हतं. मी नकाशा काढते म्हणजे दुसऱ्याचे पैसे जमिनीत कुठे पुरायचे ते ठरवते. ते काम मी अशा यंत्रावर सोपवलं होतं, ज्याची निवड करताना मी एका प्रश्नाचंही उत्तर दिलं नव्हतं.

दौंडच्या एका दुरुस्तीवाल्यानं २,७०० रुपयांची एसएसडी आणि ३,१०० रुपयांची ८ जीबी रॅम बसवून दिली. साडेतीन मिनिटांच्या जागी वीस-पंचवीस सेकंदांत यंत्र उभं राहिलं. मी तशीच केडगावला गेले, भाचीचा लॅपटॉप उचलला आणि माझ्या पैशानं तेच त्याच्यात करून घेतलं. तिनं चालू करून पाहिलं आणि काही न बोलता माझ्या गळ्यात पडली. तिच्या वडलांना मी तिच्यासमोर सांगितलं, की दोष तिचा नव्हता, माझ्या सल्ल्याचा होता. हे मी आणखी आधी करायला हवं होतं. ५,८०० रुपयांत सुटणारी गोष्ट होती.

एवढं झाल्यावर माणूस शहाणा होईल ना? माझं झालं असं, की पहिल्या चुकीचा राग मी दुसऱ्या चुकीवर काढला. मंद यंत्रानं रडवलं म्हणून आता सगळ्यात वेगवान यंत्र. ऑगस्ट २०२१मध्ये मी पुण्यातून वापरलेला गेमिंग लॅपटॉप घेतला, ५२,००० रुपयांना. पडदा पुन्हा १७.३ इंचीच, पण या वेळी १९२० बाय १०८०. वेगळं ग्राफिक्स कार्ड, ४५ वॉटचा प्रोसेसर. नवा असताना त्याची किंमत दुप्पट होती, हे मला फार मोलाचं वाटलं. वॉरंटी संपलेली होती. तिकडे मी पाहिलंच नाही.

वेग होता, खोटं बोलणार नाही. पण तो वेग माझ्या कामाला लागत नव्हता. साधे सपाट नकाशे काढताना ऑटोकॅड बहुतेक वेळ प्रोसेसरचा एकच गाभा वापरतो. बाकीचे गाभे आणि ते महागडं कार्ड नुसते बसून. लग्नाला दोन माणसं आणायला मी एसटी ठरवली होती. बॅटरी सव्वा तास, आणि बांधकामावर प्लग कुठला? चार्जर विटेएवढा. दोन्ही मिळून पाठीवर साडेतीन किलो. आणि पंखे. साइटवर ते सिमेंटची आणि मुरमाची धूळ ओढून घ्यायचे, शिरूरच्या उन्हाळ्यात आतली जाळी बुजून जायची, मग तापू नये म्हणून प्रोसेसर आपणहून वेग कमी करायचा. जून २०२२मध्ये मदरबोर्ड गेला. तेवीस दिवस आणि चौदा हजार. तेवीस दिवस मी मैत्रिणीच्या ऑफिसात तिच्या जेवणाच्या सुट्टीत काम केलं. पुढच्या हिवाळ्यात यंत्र पुन्हा बंद.

माझी एक सवय आहे, साइटची वही. कुठे गेले, कुणी काय सांगितलं, कुणी किती दिले. तिच्यात मी सहज लिहीत गेले होते: "लॅपटॉप बंद". २०२३च्या उन्हाळ्यात एका रात्री बसून मी ते दिवस लाल पेनानं मोजले. पहिल्या यंत्राचे ३४. दुसऱ्याचे ४१. माझी दिवसाची कमाई तेव्हा सरासरी सातशे धरली, तर चौतीस दिवसांचे २३,८००. ४४,५००मध्ये मिळवले की ६८,३००. आणि मी दुकानात ५८,०००चं यंत्र महाग म्हणून नाकारलं होतं. यात मावशींचे दोन खड्डे धरलेले नाहीत, भाचीची परीक्षा धरलेली नाही. यंत्राची किंमत पावतीवर निम्मीशिम्मीच असते, बाकीची अशी एखाद्या वहीत पडून राहते.

तिसऱ्या वेळी मी दुकानात जाण्याआधी माझा आठवडा लिहून काढला. घरी टेबलावर किती तास, साइटवर किती, गाडीवर किती. आकडे डोळ्यांसमोर आल्यावर समजलं, की मोठा पडदा मला फक्त टेबलावर लागतो. साइटवर हवा असतो उजेड. गाडीवर हवं असतं कमी वजन. मी तिन्ही गरजा एका इंचाच्या आकड्यात कोंबत आले होते. मग घरी टेबलावर ठेवायला २४ इंची मॉनिटर घेतला, ९,८०० रुपयांना. इतक्या मोठ्या पडद्याला इतके कमी पैसे लागतात हे मला चार वर्षं कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

लॅपटॉप घेतला तो १६ इंची, १९२० बाय १२०० ठिपक्यांचा, आयपीएस पॅनलचा. इथे टेप घेऊन केलेलं एक मोजमाप सांगते, कारण त्यानं मला फार आनंद झाला. जुन्या १७.३ इंची पडद्याची उंची साडेएकवीस सेंटिमीटर. या १६ इंचीचीही साडेएकवीसच. नवे पडदे १६ बाय १० या प्रमाणातले असल्यानं उंचीला तेवढेच भरतात आणि रुंदीला पावणेचार सेंटिमीटर कमी. म्हणजे माझ्या सॅकमध्ये बसतो. रॅमसाठी दोन कप्पे आहेत, चिकटवलेली नाही. पुढे वाढवता येईल. बिजागरीला हात लावून, झाकण वीस वेळा उघडझाप करून पाहिलं. ७१,५०० रुपये, त्यात तीन वर्षांची घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी.

त्या वॉरंटीबद्दल मी आधी फोन करून एकच विचारलं: "४१२२१० पिनकोडला माणूस येतो का? आणि ४१३८०१ला?" पहिला शिरूरचा, दुसरा दौंडचा. पहिल्यांदा उत्तर आलं, "पुणे जिल्हा कव्हर आहे, मॅडम." पुणे जिल्हा म्हणजे पुणे शहर नव्हे, हे आमच्याकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मी पुन्हा पिनकोड सांगितला आणि लेखी मागितलं. उत्तर आलं, की माणूस येतो, पण शहरात दुसऱ्या दिवशी आणि इथे दोन-तीन दिवसांत. चाललं मला. खोट्या एका दिवसापेक्षा खरे तीन दिवस बरे. नंतर एकदा कीबोर्ड बिघडला, तेव्हा तिसऱ्या दिवशी माणूस आला, तोवर मी बाहेरून दुसरा कीबोर्ड जोडून काम केलं. वहीत अडीच वर्षांत "बंद" दोनदा लिहिलंय.

आणि रोज रात्री सगळ्या फाइली दोन ठिकाणी जातात. कितीही चांगलं यंत्र असलं, तरी. मेलेल्या डिस्कवरची एकही फाइल मला परत मिळालेली नाही.

मावशींना खरं सांगायला मला दोन वर्षं लागली. वरचा मजला घ्यायचा म्हणून त्यांनी बोलावलं होतं. त्याच जुन्या ओट्यावर बसलो. मी म्हणाले, "मावशी, त्या वेळी लाइट गेली नव्हती. माझी चूक होती. मी फाइल नीट ठेवली नव्हती आणि कॉलम सरकवायचे विसरले." त्या थोडा वेळ चुलीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "लाइटनं खड्डं चुकत न्हाईत गं बाई. तवाच कळलं व्हतं मला. पण तू रडवेली झालीवतीस, म्हणून न्हाई बोलले." मी मजुरांचे राहिलेले पैसे पुढे केले. त्यांनी ते मोजून घेतले, कमरेच्या पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, "आता दाव, वरती काय काढलंस ते."

मी लॅपटॉप उघडून उजेड पूर्ण वाढवला. मावशींनी सवयीनं पदर दोन्ही हातांनी पुढे ओढला, पडद्यावर धरला, वाकून पाहिलं. मग हळूच पदर सोडून दिला आणि बोट ठेवून विचारलं, "ही खिडकी, इथनं वावर दिसंल ना?"